घरचे, चारशे बारा

सकाळचे सव्वाअकरा वाजले होते आणि तोवर त्याने अकरा माणसांना त्यांच्या घरच्यांतून काढलं होतं. यात दुष्टपणा काही नव्हता, हे त्याचं कामच होतं. त्याची कंपनी वृद्धनिवासांसाठी एक वेब अ‍ॅप चालवत असे. शे-सव्वाशे निवास, त्यांतली हजारो म्हातारी माणसं, आणि प्रत्येकाचं अ‍ॅपवर एक पान. आज किती वाजता उठले, नाश्ता किती खाल्ला, गोळ्या घेतल्या का, रक्तदाब किती, भेटायला कोण आलं. हे पान कोणी पाहायचं आणि कोणी नाही, ते ग्रुपांवरून ठरे. प्रत्येक रहिवाशाचा ‘घरचे’ नावाचा एक ग्रुप असे, त्यातल्यांना सगळं दिसे. ‘ओळखीचे’ या ग्रुपातल्यांना फक्त भेटीच्या वेळा दिसत. कोणाला कशात घालायचं आणि कशातून काढायचं, याच्या विनंत्या निवासांकडून दिवसभर येत आणि तो त्या एकामागून एक उरकत राही. सून आली, सून गेली, भाच्याशी बिनसलं, पुतण्याशी जमलं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात त्यातला सगळा धूर याच्या टेबलावर. अकरा वर्षं झाली होती. ऑफिसात त्याला किल्लीवाले म्हणत, तोही तोंडदेखलं हसून घेई. आताशा तो विनंतीतली नावं वाचतही नसे, नुसता क्रमांक बघायचा आणि बटण दाबायचं. बाराव्या विनंतीला त्याचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं. रहिवासी क्रमांक चारशे बारा. घरचे या ग्रुपमधून एक सदस्य काढणे. कारण, रहिवाशाची स्वतःची इच्छा. चारशे बारा म्हणजे त्याची आई होती आणि काढायचा सदस्य तो स्वतः होता.

निकालाच्या यादीत आपला नंबर नाही हे दिसूनही माणूस यादी पुन्हा वरून वाचायला लागतो, तसं त्याने ते तीनदा वाचलं. मग त्याला हायसं वाटलं, कारण ही चूक असणार हे उघड होतं. निवासातल्या कारकुनांना एक सदस्य काढायचा असतो आणि ते भलत्याच नावावर खूण करतात, आठवड्यातून एकदा तरी हे होतंच. त्याने निवासात फोन लावला. तिथल्या ऑफिसातल्या बाईंनी विनंतीचा क्रमांक विचारला, कागद चाळल्याचा आवाज आला, आणि मग त्या म्हणाल्या की नाही, चूक नाही, आजी स्वतः चालत ऑफिसात आल्या होत्या. मी दोनदा विचारलं, त्यांनी सही केलीय. आपण कोण बोलताय? यावर तो म्हणाला, देखभाल विभागातून. आपण असं का म्हणालो ते त्याला फोन ठेवल्यावरही कळलं नाही. मुलगा बोलतोय म्हणाला असता तरी त्या बाईंनी त्याला काही खाऊन टाकलं नसतं. पण सही केलेल्या कागदासमोर मुलगा म्हणून उभं राहायची त्याला लाज वाटली. एसीचा वारा थेट मानेवर येत होता, शेजारच्या टेबलावर कोणीतरी कुरकुरीत काहीतरी खात होतं, आणि त्याला एकदम असं वाटलं की या हॉलमधल्या साठ माणसांपैकी एकालाही आपल्याला आई आहे हे माहीत नाही. त्यानेच कधी सांगितलं नव्हतं.

आई शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला लांब आरसा, आणि मशीनच्या खणात मापांची वही. गल्लीतल्या बायका यायच्या, हात पसरून उभ्या राहायच्या, आई टेप लावायची आणि त्या बोलत सुटायच्या. कोणाचा नवरा बोलत नाही, कोणाची सासू फार बोलते, कोणाला पुन्हा दिवस गेलेत. आई हं हं करत आकडे लिहायची. त्यातलं एक अक्षर त्या खोलीच्या बाहेर गेलं नाही, म्हणून तर बायका दुसऱ्या शिंपिणीकडे जात नसत. तो दहा वर्षांचा असताना त्याने एकदा ती वही उघडली होती. शाळेतल्या बाईंचं माप त्यात होतं. कमरेचा आकडा त्याने वर्गात एकाला सांगितला, त्याने दुसऱ्याला, आणि मधल्या सुट्टीपर्यंत तो फळ्यावर गेला. आईने मारलं नाही. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली की माप माझ्याकडे आहे ते मला कपडा शिवायचा आहे म्हणून. त्या वेळी त्याला यातलं काही समजलं नव्हतं, नुसतं रडू आलं होतं. पुढे मोठेपणी नोकरीच्या मुलाखतीत कोणीतरी विचारलं की परवानग्यांच्या कामात महत्त्वाचं काय, तेव्हा त्याने आईचं ते वाक्य थोडं सुधारून सांगितलं आणि नोकरी मिळाली. हे आईला सांगायचं राहून गेलं. राहून गेलेल्या गोष्टींची त्याच्याकडे काही कमी नव्हती. लग्नही तसंच राहून गेलं होतं, आणि का राहिलं हे विचारणारंही आता कोणी नव्हतं.

आई निवासात गेली त्याला दीड वर्ष होत आलं होतं. इथून बसने तीन तास. सुरुवातीला तो पंधरा दिवसांनी जायचा, मग महिन्याने, मग एकदा बस चुकली, एकदा ताप आला, आणि गेले सात महिने तो गेलाच नव्हता. पण न गेल्याची टोचणी अशी त्याला कधी लागली नाही, आणि यातच खरी गोम होती. सकाळी दात घासायच्या आधी तो आईचं पान उघडायचा. सहा दहाला उठली. नाश्ता अर्धा. गोळ्या घेतल्या. फिरायला गेली, वीस मिनिटं. दुपारी पुन्हा पाहायचा, संध्याकाळी पुन्हा. कोणता मुलगा आईची दिवसातून तीन वेळा चौकशी करतो? ताई आठवड्यातून एकदा जायची, तासभर बसायची, निघताना तिला आईचा रक्तदाबही सांगता आला नसता. त्याला गेल्या चौदा महिन्यांचा सांगता येत होता. रविवारी तो फोन करी तेव्हा आईपुढे सगळी माहिती घेऊनच बसलेला असे. आणि त्या आईने चालत ऑफिसात जाऊन, सही करून, त्याला काढलं होतं. त्याला राग आला, आणि रागाच्या मागोमाग एक जुनी भीती आली, त्या दोन अबोल दिवसांची. तेव्हा निदान तिसरा दिवस येणार होता.

नियमाने हे काम त्याने करायचं नव्हतंच. आपल्या नात्यातल्या विनंतीला आपण हात लावायचा नाही, ती दुसऱ्याकडे द्यायची, हा नियम त्यानेच लिहिला होता. पण परवानग्या बदलायचे अधिकार तिघांनाच होते. एक सहकारी रजेवर होता आणि उरले साहेब. साहेबांकडे विनंती पाठवायची म्हणजे ते खुर्ची फिरवून विचारणार, काय हो, आईने काढलं तुम्हाला? चांगलं विचारतील, काळजीनेच विचारतील, आणि तेच त्याला नको होतं. विनंती पाचच्या आत बंद व्हायला हवी, हाही नियमच. तेव्हा एक नियम मोडून त्याने दुसरा पाळला. घरचे, चारशे बारा, या ग्रुपमध्ये चार नावं होती: आई स्वतः, कारण रहिवाशाला आपलं पान दिसलंच पाहिजे, ताई, ताईचा नवरा आणि तो. आपल्या नावापुढे त्याने खूण केली आणि बटण दाबलं. तीन नावं राहिली. काही झालं नाही. इतक्या जणांचं करताना त्याला कधी वाटलं नव्हतं की काहीतरी व्हायला पाहिजे.

मग त्याने आईचं पान उघडून पाहिलं आणि ते उघडलं. उघडणारच होतं, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. तो घरच्यांत नसला तरी ‘देखभाल’ या ग्रुपमध्ये होता, आणि देखभालीला दुरुस्तीसाठी सगळ्यांची पानं दिसतात. एका दाराने माणूस बाहेर काढला तरी दुसऱ्या दाराने तो आत असतो, नवशिक्यांना तो हेच पहिल्या दिवशी शिकवायचा. फक्त देखभालीच्या वाटेने आलं की अ‍ॅप कारण विचारतं. चौकट समोर आली तेव्हा त्याने ‘तपासणी’ असं लिहिलं. नाश्ता अर्धा, असं पान म्हणालं. फिरायला गेली नाही. कालपर्यंत हेच शब्द तो चहा पिता पिता वाचायचा, आता तेच वाचताना कान गरम झाले. पुन्हा ती वही उघडल्यासारखं वाटलं, आणि या वेळी तो दहा वर्षांचा नव्हता. त्याने पान घाईने बंद केलं. काढायचं तर नीट काढायचं. अ‍ॅपमध्ये ‘नकार’ नावाची एक सोय होती. एखाद्या पानावर एखाद्याला नकार लावला की मग दहा ग्रुपांनी हो म्हटलं तरी चालत नाही, नकार सगळ्यांच्या वर. त्याने आईच्या पानावर नकार लावायची चौकट उघडली. नकार कोणाला, असं तिथे विचारलं जातं आणि खाली त्या पानाशी संबंधित नावांची यादी येते. त्याचं नाव यादीत नव्हतं, नुकतंच त्यानेच काढलं होतं ना. यादीत सगळ्यांत वर होतं, घरचे, चारशे बारा. आपण म्हणजे घरचे, ही दीड वर्षाची नव्हे, जन्माची सवय. त्याने तेच निवडलं, नकार लावला आणि विनंती बंद केली. करून झालं की तपासून बघा, असं तो सगळ्यांना बजावायचा, पण आज त्याने तपासलं नाही. बंद झालेलं दार ढकलून बघायची त्याची हिंमत झाली नाही.

दुपारी सगळे डबे घेऊन खाली गेले तेव्हा तो जिन्याच्या मधल्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. समोरच्या इमारतीत एक माणूस काच पुसत होता. वरून खाली, वरून खाली, आणि आत बसलेल्यांकडे चुकूनही पाहत नव्हता. बरोबर आहे, त्याला वाटलं, काच पुसायची तर पाहायचं कशाला. हातातला फोन सारखा वर येत होता. अंगठा त्याच जागी जाऊन थांबायचा, जिथून पान उघडायचं. दात पडल्यावर जीभ जशी तिथेच जाते. आई आता काय करत असेल हे त्याला माहीत नव्हतं. दीड वर्षात पहिल्यांदा माहीत नव्हतं, आणि विचार करू गेला तर त्याला नीटसं चित्रही दिसेना. निवासातल्या तिच्या खोलीच्या पडद्यांचा रंग कोणता? पलंग खिडकीच्या कोणत्या बाजूला? रक्तदाबाचे चौदा महिन्यांचे आकडे तोंडपाठ, आणि तिच्या खोलीत बसायला खुर्ची आहे की नाही ते आठवत नव्हतं. तिचा आवाज तेवढा आठवला, पण तोही शिवणयंत्राच्या काळातला. आपण एकटे आहोत हे त्याला माहीत होतं, त्यात नवीन काही नव्हतं. पण आज पहिल्यांदा त्याला वाटलं की आपल्याबरोबर ती पण एकटी असणार, आणि आपण रोज तीनदा तिच्या खिडकीबाहेर उभे राहून परत येत होतो.

तीनच्या सुमाराला ताईचा फोन आला. चार महिन्यांत दोघं बोलले नव्हते. भांडण असं नव्हतं, मी जाते आणि तू जात नाहीस, एवढंच एक वाक्य तिने एकदा म्हटलं होतं आणि त्यावरच दोघंही अडून राहिले होते.

“आईचं पान उघडत नाहीये,” ताई म्हणाली. “मी निवासातच आहे. माझ्या फोनवर नाही, ह्यांच्या नाही, आणि आईला तिचं स्वतःचंही दिसत नाही. इथले लोक म्हणतात तुमच्याच ऑफिसातून काहीतरी झालंय.”

ऐकता ऐकताच त्याला सगळं उमगलं. नकार त्याने घरच्यांना लावला होता आणि घरच्यांत तो उरला नव्हता. आईचं पान आईला बंद, ताईला बंद, आणि त्याला? देखभालीच्या दाराने उघडून पाहिलं, तर सताड उघडं. जिला नको होतं की याने पाहावं, तिला आंधळं करून हा एकटा डोळसपणे बसला होता. अकरा वर्षांत अशी चूक त्याच्या हातून झाली नव्हती. तो ताईला थांब म्हणाला, नकार काढला, आता बघ म्हणाला. पलीकडे ती आईला काहीतरी सांगत होती, मग म्हणाली, हो, दिसतंय. ती फोन ठेवेल म्हणून त्याने घाईने विचारलं, “ताई, आईने मला का काढलं?”

थांब जरा, ताई म्हणाली. मग बहुधा खोलीबाहेर आली, कारण आवाज बदलला. रागावून नाही काढलं, ती म्हणाली. मागच्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा तिने सांगायला घेतलं की रात्री झोप लागली नाही. तू म्हणालास, माहीत आहे, तीनला जागी होतीस, नर्सने लिहिलंय. मग ती म्हणाली, आज जेवणात… तर तू म्हणालास, अर्धंच जेवलीस, असं करू नकोस. गुडघ्याचं काढलं तर तेही तुला ठाऊक. “फोन ठेवून माझ्याकडे बघत राहिली रे. म्हणाली, याला सगळं आधीच कळलेलं असतं. मग मी बोलायचं काय? माझं सांगायला मला काही ठेवतच नाही तो.”

तो रविवार त्याला आठवत होता. फोन ठेवल्यावर त्याला समाधान वाटलं होतं, आपण किती लक्ष ठेवतो म्हणून. येतोस तेव्हा कळव, एवढं म्हणून ताईने फोन ठेवला. त्याने नकाराची चौकट पुन्हा उघडली. या वेळी यादीकडे न पाहता स्वतःचं पूर्ण नाव एकेक अक्षर टाइप केलं, लावलं, आणि उठून साहेबांकडे गेला. जे झालं ते सगळं सांगितलं, चुकीसकट, आणि म्हणाला, या पानावरचा माझा नकार मला काढता येणार नाही असं करून ठेवा. साहेबांनी खुर्ची फिरवली, पण विचारलं काही नाही. जागेवर परत येऊन त्याने तपासलं. पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ आली, आपल्याला हे पान पाहण्याची परवानगी नाही. कधीकाळी ती ओळ त्यानेच लिहिली होती आणि लिहिताना त्याला ती सभ्य वाटली होती.

वार रविवार नव्हता, तरी त्याने आईला फोन लावला. बऱ्याच वेळाने तिने उचलला. काढलं का तुझं नाव, तिने पहिल्यांदा तेच विचारलं. काढलं, तो म्हणाला. राग आला का? आला, तो म्हणाला. बरं, म्हणाली, आणि पुढे दोघांना काही सुचेना. अशा वेळी तो पानाकडे बघून काहीतरी बोलत असे. आता समोर कोरा पडदा होता. शेवटी त्याने, अगदी अनोळखी माणसाला विचारावं तसं चाचरत विचारलं, “जेवलीस का?”

“तुला दिसलं नाही?”

“नाही. आता नाही दिसत.”

मग ती बोलायला लागली. आधी जपून, मग सुटली. टेबलावर तिच्यासमोर एक निवृत्त बसकंडक्टर बसतो, त्याला डॉक्टरांनी बटाटा बंद केलाय. माणूस बटाट्यासाठी झुरतो. वाढणारी बाई पाठमोरी झाली की आई आपल्या ताटातलं अर्धं त्याच्या ताटात सरकवते, रोज, गेले चार महिने. ताट परत जाताना बाई लिहिते, अर्धं जेवल्या. “तुझ्या त्या यंत्रात सांगू नकोस हं,” ती म्हणाली आणि हसली. तोही हसला. चार महिने तो त्या अर्ध्याची काळजी करत होता, दर रविवारी तिला त्यावरून बोलत होता, आणि ती ऐकून घेत होती. तिकडे कुठेतरी घंटा वाजली. चहाची, ती म्हणाली, जायला हवं, नाहीतर गार मिळतो. आणि जाता जाता, त्याच्या लहानपणी दारातून ओरडायची तसं तिने विचारलं, “तू जेवलास?”

तो ठीक आहे म्हणणार होता. कोणीही काहीही विचारलं तरी तो तेच म्हणे. पण तोंडातून आलं ते, नाही.

“का रे?”

“मी दुपारी तुझं ते उघडं ठेवून जेवतो,” तो म्हणाला. “तू काय जेवलीस ते वाचत. रोज. आज नव्हतं, तर घास जाईना.”

भोवती टेबलांवर साठ माणसं टाइप करत होती आणि कोणी वर पाहिलं नाही. मग पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, एकदाच. आई चहाला उठली, की पुन्हा बसली, ते त्याला कळायला आता काही मार्ग नव्हता. म्हणून त्याने विचारलं.